एक पाटी आणि चाळीस पोरं



आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. नातेवाईक मंडळी दोन परिच्छेद वाचून म्हणतील, "आता हे काय काढलंय आप्पांनी?" पण जरा धीर धरा. विषय संगणकाचा दिसत असला तरी तक्रार शिकवण्याबद्दलची आहे. चौतीस वर्षं खडू हातात धरला, त्यामुळे ती करण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायला पुरेसा वेळ मिळेल. अभियांत्रिकीच्या पोरांना सी भाषेत यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता शोधायला 'गेटहोस्टबायनेम' नावाचं फंक्शन शिकवलं जातं. पोरांच्या ज्या प्रात्यक्षिक वह्या आजवर माझ्या हातात आल्या, त्यांत हेच होतं. हे फंक्शन १९८३ सालचं. २००१ साली त्याच्यावर 'कालबाह्य' असा शिक्का बसला आणि २००८ साली ते मानकातून काढून टाकण्यात आलं. आज पहिलीपासून शाळेत जाऊन कॉलेजात पोचलेलं पोर त्या फंक्शनला मानकानं निरोप दिल्याच्या सुमारास जन्मलेलं आहे. तरी आपण ते त्याला शिकवतो, आणि इतिहास म्हणून नव्हे तर चालू व्यवहार म्हणून शिकवतो. हे थांबलं पाहिजे.

आता कुणी विचारेल, मराठी माध्यमाच्या बी.ए. झालेल्या माणसाला सी भाषेतलं काय कळतं? निवृत्तीनंतर वेळ भरपूर होता. घरातल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घेतलं आणि पोरांचीच पुस्तकं घेऊन बसलो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घरात होतंच. व्याकरण शिकवलेल्या माणसाला सी भाषा फार परकी वाटत नाही. तिथंही कर्ता, कर्म आणि क्रियापद जागच्या जागी नसलं की वाक्य कोसळतं.

नाव आणि पत्ता

नाव वेगळं आणि पत्ता वेगळा, हे आम्हा नगरकरांना सध्या कुणी समजावून सांगायला नको. हे शहर १४९० साली अहमद निजामशाहानं वसवलं. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव देण्याची घोषणा केली आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. आम्ही बोलताना आजही नुसतं 'नगर' म्हणतो ते वेगळंच. पण शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४१४००१ होता, तो ४१४००१ च राहिला. पत्रावर कुणी जुनं नाव लिहो की नवं, आकडा बरोबर असेल तर पत्र पोचतं. नाव माणसाच्या जिभेसाठी असतं आणि आकडा टपालाचं सॉर्टिंग करणाऱ्यासाठी.

हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो बसवणारे गृहस्थ मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. एकट्या आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे, पिंपळगाव पिसा आहे. नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं पत्र पोस्टमननं कुठं न्यायचं? शिवाय एका नावाखाली पत्ते किती! एकाच जिल्ह्यात संगमनेरचा पिन ४२२ नं सुरू होतो, कोपरगावचा ४२३ नं आणि राहुरीचा ४१३ नं.

संगणकांच्या जाळ्यातही तंतोतंत हेच आहे. प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून यंत्रांना नावं दिली. सुरुवातीच्या काळात, म्हणजे अर्पानेटच्या दिवसांत, सगळ्या नावांची एकच यादी होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. नवीन यंत्र आलं की त्यांना कळवायचं, मग ते यादीत नोंद करत आणि बाकीचे सगळे ती फाइल आपापल्या यंत्रावर उतरवून घेत. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीसारखाच प्रकार. यंत्रं वाढली तशी यादी आवरेनाशी झाली. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस नावाची व्यवस्था मांडली. तिच्यात सगळी यादी एकाकडे नसते. तालुक्याची यादी देशाला माहीत नसली तरी चालतं, देशाला राज्य माहीत असतं, राज्याला जिल्हा, जिल्ह्याला तालुका, आणि विचारत विचारत उत्तर मिळतं.

याच १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये गेटहोस्टबायनेम आलं. नाव द्या, पत्ता घ्या. त्या काळासाठी ते उत्तम होतं, याबद्दल माझा काही वाद नाही.

पाटीची गोष्ट

मग अडचण कुठं आहे? शाळेच्या भाषेत सांगतो.

समजा, शाळेच्या ऑफिसात एक शिपाई आहे आणि त्याच्याकडे एकच पाटी आहे. कुणीही विद्यार्थी जाऊन विचारतो, "मामा, अमक्याचा पत्ता काय?" मामा यादीत बघतात, पाटीवर पत्ता लिहितात आणि म्हणतात, "ती बघ पाटी तिथं ठेवली आहे." पाटी हातात देत नाहीत, नुसती जागा दाखवतात. एकच विद्यार्थी असेल तर काही बिघडत नाही. पण पहिल्या पोरानं पत्ता वाचायला मान वळवली आणि तेवढ्यात दुसऱ्यानं दुसरा पत्ता विचारला, तर मामा पाटी पुसतात आणि त्याच पाटीवर नवीन लिहितात. पहिलं पोर आता दुसऱ्याचा पत्ता वहीत उतरवून घेतं आणि खुशाल आपलं पत्र तिकडं टाकतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धा जुना आणि अर्धा नवा पत्ता उतरवून घेतं.

गेटहोस्टबायनेम बरोबर असंच वागतं. ते उत्तर आपल्याला देत नाही. स्वतःच्या पोटातल्या एका ठरलेल्या जागेत लिहितं आणि त्या जागेकडे बोट दाखवणारा पॉइंटर देतं. पुढच्या वेळी कुणीही हाक मारली की तीच जागा पुसून तिथंच नवीन लिहिलं जातं. काही चुकलं तर कारणसुद्धा वेगळ्या एका सामाईक जागेत टाकलं जातं.

१९८३ साली बहुतेक प्रोग्राम म्हणजे एका वेळी एकच पोर, म्हणून चालून गेलं. १९९५ साली पॉझिक्स मानकात थ्रेड आले, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक धागे काम करू लागले. आज बँकेचा सर्व्हर घ्या, रेल्वेचं आरक्षण घ्या, आत शेकडो धागे एकाच वेळी चालू असतात. पाटी एक आणि पोरं चाळीस! यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की हा दोष रोज दिसत नाही. दोन पोरं नेमकी त्याच क्षणी आली तरच दिसतो. म्हणजे प्रयोगशाळेत दहा वेळा चालवा, दहाही वेळा बरोबर. गर्दीच्या दिवशी कोसळतो आणि तपासायला बसलं की पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

चिठ्ठी देणारं फंक्शन

यावरचा उपाय काल-परवाचा नाही. 'गेटॲडरइन्फो' या फंक्शनचं वर्णन १९९९ सालच्या आरएफसी २५५३ मध्ये सविस्तर छापलेलं आहे आणि २००१ च्या पॉझिक्स मानकात ते दाखल झालं. हे फंक्शन थ्रेडसाठी सुरक्षित असलंच पाहिजे, असं मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे.

इथं मामा पाटी वापरत नाहीत. विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळ्या कागदावर उत्तर लिहून त्याच्या हातात देतात. कागद तुमचा. दुसरं कुणी आलं तरी तुमच्या कागदाला धक्का लागत नाही. काम झालं की तो कागद टोपलीत टाकायची जबाबदारीही तुमची, त्यासाठी 'फ्रीॲडरइन्फो' आहे. ते विसरलात तर कागदांचा ढीग साचतो. ही शिस्त पोरांना लावावी लागते, आणि शिस्त लावायलाच तर मास्तर असतो.

आणखी तीन गोष्टी या फंक्शननं सुधारल्या. एक, ते पत्त्यांची साखळी देतं. पहिला लागला नाही तर दुसरा वापरून पाहायचा. दोन, चूक झाली तर चुकीचा क्रमांक परत मिळतो आणि 'जीएआयस्ट्रएरर' ला विचारलं की त्याचा अर्थही कळतो. तीन, जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारचे पत्ते त्याला समजतात. हा तिसरा मुद्दा पुढं घेतो.

वापरण्याची रीतही चार ओळींत मावते. 'हिंट्स' नावाचा एक अर्ज आधी कोरा करून घ्यायचा, म्हणजे सगळीकडे शून्य भरायचं. अनेक पोरं इथंच घसरतात. कोरा न केलेल्या अर्जात मागचा कचरा असतो आणि मग भलतंच उत्तर येतं. अर्जात दोन गोष्टी भरायच्या, पत्ता कुठल्याही प्रकारचा चालेल आणि जोडणी कोणत्या प्रकारची हवी. जोडणीचा प्रकार भरला नाही तर लिनक्सवर तोच पत्ता तीन-तीनदा येतो आणि पोरं गोंधळतात. मग हाक मारायची, शून्य आलं तर साखळीतून एकेक पत्ता वापरायचा आणि शेवटी साखळी मोकळी करायची. झालं. आठवीच्या समीकरणाहून हे सोपं आहे.

मार्क कुणाचे कापले?

आता माझा राग कशावरून आला ते सांगतो. माझी एक नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं प्रात्यक्षिक परीक्षेत गेटॲडरइन्फो वापरून प्रोग्राम लिहिला आणि चालवूनही दाखवला. परीक्षक म्हणाले, "मॅन्युअलमध्ये असं नाहीये." गुण कापले. तिनं विचारलं, "सर, पण चूक काय आहे?" त्यावर उत्तर मिळालं की मॅन्युअलप्रमाणे लिहायला काय झालं होतं. कॉलेजचं नाव मी घेणार नाही. एका कॉलेजचा प्रश्न असता तर मी जाऊन भेटून आलो असतो.

गुणांचं मला फार वाटलं नाही. घरी आल्यावर ती जे म्हणाली ते मात्र लागलं. म्हणाली, "जाऊ द्या आप्पा, पुढच्या वेळी मॅन्युअलमधलंच लिहीन. मार्क महत्त्वाचे." एका वाक्यात ती काय शिकली पाहा. बरोबर असणं आणि मार्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांत भांडण लागलं तर मार्क निवडायचे. हे शिक्षण तिला नोकरीतही पुरेल. उद्या एखादा वरिष्ठ म्हणाला की चालतंय ना, मग कशाला हात लावता, तर ती गप्प बसेल. पूल पडतात ते असेच, आणि प्रोग्रामही असेच पडतात.

समोरच्यांचे मुद्दे

याबद्दल मी काही प्राध्यापक मित्रांशी बोललो. त्यांची उत्तरं आणि त्यावर माझी उत्तरं देतो.

पहिला मुद्दा: "मूळ समजायला जुनं शिकवावं लागतं." मान्य! मीसुद्धा इतिहास शिकवला आहे. मोडी लिपी यायलाच हवी, नाहीतर पेशवे दप्तर वाचणार कोण? पण तलाठ्याकडे द्यायचा अर्ज मोडीत लिहा असं आपण पोरांना सांगत नाही आणि देवनागरीत लिहिला म्हणून मार्कही कापत नाही. जुनं फंक्शन इतिहासाच्या तासाला जरूर शिकवा.

दुसरा मुद्दा: "आमच्या प्रोग्राममध्ये एकच धागा असतो." पहिली गोष्ट, पाटी पुसली जायला दोन धागे लागतच नाहीत. एकाच धाग्यात दोन नावं लागोपाठ विचारा आणि दोन्ही उत्तरं मग छापा, पहिल्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता दिसेल. 'इनेटएनटोए' चंही तेच. एकाच ओळीत दोन पत्ते छापायला सांगितले तर एकच पत्ता दोनदा छापून येतो. दुसरी गोष्ट, तुमचा प्रोग्राम एकधागी असला तरी तुम्ही जोडलेली लायब्ररी आतून धागे काढत नाही कशावरून?

तिसरा मुद्दा: "कुलूप लावून घेऊ." म्हणजे पाटीच्या खोलीला कडी घालायची आणि एका वेळी एकालाच आत सोडायचं. पण तुमची कडी तुम्हालाच ठाऊक. दुसऱ्याची लायब्ररी मागच्या दारानं त्याच पाटीपाशी येते, तिला तुमच्या कडीचा पत्ताही नसतो. शिवाय नाव शोधणं हे झटपट काम नाही. समोरून उत्तर आलं नाही तर लिनक्सवर साधारणपणे पाच सेकंद वाट पाहून पुन्हा विचारलं जातं. तेवढा वेळ बाकीच्या एकोणचाळीस पोरांनी कडीबाहेर उभं राहायचं का?

चौथा मुद्दा: "शेवटी आर असलेलं फंक्शन वापरू." गेटहोस्टबायनेमचा हा 'आर' वाला भाऊ आपली पाटी आपणच न्यायला सांगतो, कल्पना चांगली. पण तो कधी मानकात आलाच नाही. लिनक्सच्या जीलिबसीमध्ये त्याला सहा गोष्टी द्याव्या लागतात, सोलॅरिसवर पाच आणि एआयएक्सवर तीन. एकाच नावाचे तीन भाऊ आणि तिघांचे स्वभाव तीन! एका ठिकाणी लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे उचलून नेता आला पाहिजे, त्यालाच आपण पोर्टेबल म्हणतो ना? सी भाषेच्या स्वतःच्या मानकात जाळ्याचा उल्लेखही नाही. सगळीकडे चालणारं असं जे काही आहे ते पॉझिक्समुळे, आणि पॉझिक्सनं निवड करून ठेवली आहे. विंडोजवरही एक्सपीपासून गेटॲडरइन्फो मिळतं. मौज अशी की विंडोजवर जुनं फंक्शन प्रत्येक धाग्याला वेगळी पाटी देतं. त्यामुळे तिथं वाढलेल्या पोराला वाटतं की सगळं ठीक आहे, आणि तोच प्रोग्राम दुसऱ्या यंत्रणेवर नेला की दगा देतो.

पाचवा मुद्दा जरा वजनदार आहे: "नवीन फंक्शन तरी कुठं निर्दोष आहे?" नाहीच. सुरुवातीला बीएसडी घराण्यातल्या काही यंत्रणांवर ते थ्रेडसाठी सुरक्षित नव्हतं आणि त्यांच्या माहितीपत्रकात तसं छापलेलंही होतं. उत्तर येईपर्यंत तेही धाग्याला खोळंबून ठेवतं आणि किती वेळ थांबायचं हे सांगायची सोय मानकात नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये जीलिबसीच्या गेटॲडरइन्फोमध्ये एक गंभीर भगदाड जाहीर झालं, तेही झाकून ठेवायचं कारण नाही. पण जुन्याचा हिशोबही मांडा. २७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिस या कंपनीनं गेटहोस्टबायनेममधला जो दोष जाहीर केला, त्याचं नावच 'घोस्ट' पडलं. तो दोष २००० सालापासून जीलिबसीमध्ये होता. २०१३ मध्ये तो दुरुस्तही झाला होता, पण सुरक्षेचा दोष म्हणून कुणी ओळखला नाही, त्यामुळे जुन्या आवृत्त्या वापरणारे असंख्य सर्व्हर तसेच उघडे राहिले. म्हणजे गळती दोन्ही घरांना लागली आणि दोन्हीकडे कौलं बदलली. फरक असा की गेटॲडरइन्फोची गळती दुरुस्तीनं गेली. गेटहोस्टबायनेमची एक पाटी दुरुस्तीनं जात नाही, कारण त्या घराचा नकाशाच तसा आहे.

पत्तेच संपले

आता राहिलेला तिसरा मुद्दा. जुने आयपी पत्ते बत्तीस अंकी बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. आपल्या एका देशाची लोकसंख्या १४० कोटींवर गेली आहे आणि एकेका घरात चार-चार फोन आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे पत्ते वाटून संपले. म्हणून १२८ बिटांचे नवे पत्ते आले, आयपीव्ही ६. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतले फोन थेट नव्या पत्त्यांवर आले. आज हा नवा प्रकार वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत भारताची गणना होते.

आणि गेटहोस्टबायनेमला हा नवा पत्ता वाचताच येत नाही! म्हणजे पारनेरच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या पोराच्या खिशातला फोन नव्या पत्त्यावर चालतो आणि कॉलेजातल्या प्रयोगशाळेत त्याच्या भावाला जुने पत्ते शोधायला शिकवतात. यापेक्षा उलटी गंगा कोणती?

आपल्या लिपीतली नावं

मराठी ब्लॉगर मंडळींसाठी खास एक गोष्ट. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतलं '.भारत' हे नाव खुलं झालं. आपल्या लिपीत संकेतस्थळाचं नाव घेता येतं. पण आत काय होतं? डीएनएसच्या रस्त्यावर रोमन अक्षरांचीच वाहतूक असल्यामुळे देवनागरी नावाचं आधी एका ठरलेल्या रीतीनं रोमन अक्षरांत रूपांतर होतं आणि मग शोध सुरू होतो. जीलिबसीमध्ये गेटॲडरइन्फोला एक खूण दिली की हे रूपांतर ते स्वतः करतं, पण ती खूण सगळीकडे नाही.

यात मराठीची एक खास खोच आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्या. जुन्या ब्लॉगांवर आपण अर्धा र टंकायला मधे एक अदृश्य जोडवर्ण घालायचो, आठवतंय? नावांच्या २००३ सालच्या नियमांत हा अदृश्य वर्ण गाळून टाकला जात असे. म्हणजे दऱ्यांचा दर्या झाला! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांनी तो काही अटींवर ठेवून घेतला. हा प्रश्न इंग्रजांना पडणार नाही, जपान्यांनाही नाही. तो मराठी माणसालाच पडणार आणि सोडवायचाही त्यानंच. सोडवणार कोण? आज तिसऱ्या वर्षाला असलेली पोरं. पण नावाचा पत्ता कसा होतो हेच त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या पाटीवर शिकवलं, तर त्यांना ही खोच कधी दिसणार?

मग करायचं काय?

नुसतं रागावून उपयोग नाही, म्हणून तीन मागण्या ठेवतो. एकीलाही पैसा लागत नाही.

एक, प्रात्यक्षिकाच्या मॅन्युअलमध्ये गेटॲडरइन्फो हेच मुख्य उत्तर असावं. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते समजावून दिलेलं आहे. पुस्तक कॉलेजांच्या ग्रंथालयांत असतं, फक्त कपाट उघडायचं आहे.

दोन, जुनं फंक्शन दहा मिनिटं शिकवा, पण त्याचा दोष दाखवण्यासाठी. दोन नावं विचारायची, दोन्ही उत्तरं नंतर छापायची आणि पोरांना विचारायचं, "असं का झालं?" पाटी पुसली गेल्याचं ज्या पोरानं डोळ्यांनी पाहिलं, ते आयुष्यभर सामाईक जागेत उत्तर ठेवणार नाही. आणि 'स्ट्रटॉक', 'सीटाइम' यांचा तोच आजार त्याला आपोआप ओळखता येईल.

तीन, परीक्षकांनी चालणारा आणि बरोबर असलेला प्रोग्राम मॅन्युअलमध्ये नाही म्हणून नापास करू नये. गणिताच्या पेपरात पोरानं वेगळ्या रीतीनं बरोबर उत्तर काढलं तर आम्ही पूर्ण गुण द्यायचो आणि वर्गात त्याला फळ्यापाशी उभं करून ती रीत बाकीच्यांना सांगायला लावायचो. आम्ही काही मोठे विद्वान नव्हतो, खेड्यातले मास्तर होतो. जे आम्हाला जमलं ते यांना जमायला काय हरकत आहे?

आपल्या गोतावळ्यात चार-पाच प्राध्यापक आहेत, हे वाचत आहेत हेही मला ठाऊक आहे. त्यांनी उद्या आपल्या कॉलेजातलं मॅन्युअल उघडून नावावरून पत्ता शोधण्याचा प्रयोग काढावा आणि तिथं कोणतं फंक्शन आहे ते पाहावं. नवं असेल तर मला कळवा, जाहीर अभिनंदन करीन. जुनं असेल तर या सत्राच्या आत बदला. आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही मोकळेपणानं लिहा, भांडायला मी घरीच आहे.

असो. पुष्कळ लांबलं.